एका डबीत दोन फझ: स्विचची जोडणी कशी ठरवावी

घरी गिटारची पेडल बनवणाऱ्यांकडून एक प्रश्न फिरून फिरून येतो. पहिलं फझ जमलेलं असतं, मग दुसरं जमतं, आणि मग वाटू लागतं की दोन्ही एकाच डबीत घालावीत. इथपर्यंत ठीक. गाडी अडते ती नऊ पायांच्या त्या निळ्या फुटस्विचपाशी. कुठला पाय कुठे जोडायचा? दोन फझना किती स्विच लागतात? टॉगल चालेल की पायानेच दाबायचा हवा? आणि सगळं आकृतीबरहुकूम जोडूनही दुसरं फझ लावताच शिट्टी का वाजते?

फझ सर्किट कसं बनवायचं हे इथे सांगत नाही. तुमच्याकडे दोन चालती सर्किटं आहेत आणि ती सुटी सुटी ऐकून झाली आहेत, असं धरून पुढे जाऊ. ऐकून झाली नसतील तर आधी तेवढं करा. मुकं सर्किट आणि चुकलेला स्विच एकाच डबीत बंद झाले की दोष नेमका कुठे आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

स्विच नंतर घ्या, काय ऐकायचंय ते आधी ठरवा

बहुतेक जण आधी स्विच आणतात आणि मग त्यात काय बसेल ते शोधतात. उलट करा. सोयीसाठी दोन सर्किटांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. तुमची मागणी या चारांपैकी एक असणार:

- कधी अ, कधी ब, कधी दोन्ही एकामागे एक.
- एका वेळी एकच. पण एका दाबात अ वरून ब वर जाता आलं पाहिजे.
- दोन्ही एकामागे एक, पण पुढे कोण आणि मागे कोण हे बदलता आलं पाहिजे.
- दोन्ही शेजारी शेजारी चालवून त्यांचे आवाज मिसळायचे.

‘मिक्स करायचंय’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर पहिला प्रकार हवा असतो. तो सर्वात सोपा आहे, त्यात चुका कमी होतात आणि चार वेगळे आवाज मिळतात: काहीच नाही, अ, ब, आणि अ मधून ब. चौथा प्रकार सर्वात मोहक दिसतो आणि सर्वाधिक निराशा तोच करतो. त्याचं कारण पुढे येईल.

मागणी ठरली की कागदावर सहा टोकं लिहा: इन जॅक, आउट जॅक, अ-इन, अ-आउट, ब-इन, ब-आउट. मग स्विचच्या प्रत्येक स्थितीत कोणतं टोक कोणत्या टोकाला जोडलेलं असायला हवं ते एकाखाली एक लिहून काढा. किती ‘पोल’ लागतील हे त्या यादीवरूनच कळतं.

स्विचचे पाय ओळखताना

एक पोल म्हणजे तीन पाय. मधला सामाईक, तो एका वेळी वरच्या किंवा खालच्या पायाला जोडलेला असतो. याहून जास्त काही स्विचला येत नाही. एसपीडीटीत असा एक पोल, डीपीडीटीत दोन, थ्री-पीडीटीत तीन, फोर-पीडीटीत चार. पोल एकाच वेळी हलतात, पण एकमेकांशी त्यांचा काहीही संबंध नसतो.

थ्री-पीडीटी फुटस्विच पालथा धरला की नऊ पाय तीन ओळींत दिसतात. त्यांना वरून खाली, डावीकडून उजवीकडे १ ते ९ क्रमांक देऊ. पोल झाले १-४-७, २-५-८ आणि ३-६-९. सामाईक पाय ४, ५, ६.

इथेच सर्वात जास्त चुका होतात, कारण स्विच चौरस असतो आणि तो चतकोर फिरवून धरला तरी तसाच दिसतो. पायांच्या चपट्या पट्ट्या आडव्या दिसतील असा धरला की पोल उभे येतात. तरीही माझ्यावर किंवा कुठल्याही आकृतीवर विसंबू नका. मल्टिमीटर बीपवर लावा, ४ आणि ७ वर टोकं ठेवा, स्विच दाबा. एकदा बीप आणि एकदा शांतता मिळाली पाहिजे. ४ आणि ५ मध्ये कधीच बीप येता कामा नये. आला, तर स्विच फिरवून धरलाय किंवा खराब आहे.

मिनी टॉगलमध्ये दांडी ज्या बाजूला असते, त्याच्या उलट बाजूचा पाय मधल्याला जोडलेला असतो. शिवाय ऑन-ऑन, ऑन-ऑफ-ऑन आणि ऑन-ऑन-ऑन असे तीन प्रकार बाहेरून हुबेहूब दिसतात. दुकानदाराला प्रकार सांगून घ्या आणि घरी येऊन तपासा.

एका फझचं बायपास

पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून पायनिहाय देतो. या जोडणीत फझ बंद असताना त्याचं इन ग्राउंडला बांधलं जातं.

- ४: फझ सर्किटचं इन
- ७: इन जॅक
- १: ग्राउंड
- ६: आउट जॅक
- ९: फझ सर्किटचं आउट
- ३: एका छोट्या जंपरने ७ ला, म्हणजे इन जॅकलाच
- ५: एलईडीचं ऋण टोक
- ८: ग्राउंड
- २: रिकामा

वरची ओळ जोडलेली असताना गिटारचा सिग्नल ३ वरून ६ वर, सरळ बाहेर. खालची ओळ जोडलेली असताना तो ७ वरून ४ वर, सर्किटमधून ९ वर आणि तिथून ६ वर. एलईडीच्या धन टोकाला ९ व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. लाल एलईडीतून साधारण दीड मिलिअँपिअर जाईल. पायाशी दिसायला तेवढा प्रकाश पुरतो.

इन ग्राउंड करण्याचा आग्रह का? फझमध्ये गेन अफाट असतो. त्याचं इन लोंबकळत ठेवलं तर ते स्वतःच्याच आउटमधून निसटलेला सिग्नल उचलतं आणि शिट्टी घालू लागतं. एकट्या फझच्या डबीत हे कदाचित ऐकूही येणार नाही. दोन फझ शेजारी आली की बंद असलेल्याची शिट्टी चालू असलेल्यात शिरते. लेखाच्या सुरुवातीच्या त्या शिट्टीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आउटकडच्या वायरकडे सगळे लक्ष देतात. दुहेरी डबीत खरं लक्ष न वापरलेल्या इनकडे हवं.

पहिली रीत: एकामागे एक

वरची जोडणी दोनदा करा. पहिल्या स्विचचा पाय ६ आउट जॅककडे न नेता दुसऱ्या स्विचच्या ७ कडे न्या. दुसऱ्याचा ६ आउट जॅककडे जाईल. झालं.

जोडणी सोपी असल्याने इथला खरा निर्णय क्रमाचा आहे. पुढे कोण ठेवायचं हे सर्किटच्या स्वभावावर ठरतं.

*फझ फेस घराण्यातलं सर्किट असेल तर ते पहिलं.* लंडनच्या आर्बिटरने १९६६ मध्ये बाजारात आणलेल्या या सर्किटात दोनच ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याचा इनपुट इम्पीडन्स फार कमी आहे. ते गिटारच्या पिकअपला थेट जोडलेलं असतं तेव्हाच गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर आवाज मोकळा, स्वच्छ होत जातो. मध्ये बफर किंवा दुसरं कुठलंही चालू सर्किट आलं की हा गुण जातो आणि आवाज टोचू लागतो. तुमचं फझ फेस ‘बिघडलं’ असं वाटत असेल तर आधी त्याच्या पुढे काय लागलंय ते पाहा.

*बिग मफसारखं चार ट्रान्झिस्टरचं सर्किट मागे चालतं.* त्याला पुढून काय येतंय याची तेवढी पर्वा नसते. शिवाय त्याचा टोन पॉट शेवटी राहिल्याने दोन्ही फझचा एकत्रित आवाज एका जागी आवरता येतो.

*ऑक्टेव्ह फझ कुठे ठेवावं याला उत्तर नाही.* पुढे ठेवलं तर एक वाद्य, मागे ठेवलं तर दुसरं. असं सर्किट तुमच्याकडे असेल तर तिसरी रीत, क्रम बदलणारी, त्याच्यासाठीच आहे.

दोन्ही एकदम चालू केल्यावर नुसता भुसा ऐकू येतो, अशी तक्रार असते. पहिल्याचा व्हॉल्यूम कमी करा. फझचं आउट गिटारपेक्षा कितीतरी मोठं असतं आणि दुसऱ्या फझला तेवढं पचत नाही. पहिल्याचा व्हॉल्यूम एकट्यासाठी हवा तेवढा आणि दोघांसाठी कमी अशी दोन्हीकडून ओढ होत असेल, तर पहिल्या स्विचच्या ६ पासून दुसऱ्या फझच्या सर्किटकडे जाणाऱ्या वाटेत, म्हणजे दुसऱ्या स्विचचा पाय ४ आणि सर्किटचं इन यांच्यामध्ये, १०० किलोओहमचा ट्रिमपॉट लावून आतूनच पातळी कमी करून ठेवा. ही कपात दुसरं एकटं चालू असतानाही लागू राहते, आणि ते फझ फेस घराण्यातलं असेल तर त्याच्या आवाजात फारच ढवळाढवळ करते. तिथे लावू नका.

दुसरी रीत: हे किंवा ते

इथे दोन स्विच लागतात. एक बायपासचा, वरचाच. दुसरा निवडीचा. बायपास स्विचचा पाय ४, जो एरवी सर्किटच्या इनला जातो, तो आता निवड स्विचकडे जाईल. ९ वरही निवड स्विचमधूनच सिग्नल येईल.

निवड स्विचचे पोल असे बांधा:

1. पहिला पोल: सामाईक पाय अ-इन. एका बाजूला बायपास स्विचचा ४, दुसऱ्या बाजूला ग्राउंड.
2. दुसरा पोल: सामाईक पाय ब-इन. एका बाजूला ग्राउंड, दुसऱ्या बाजूला बायपास स्विचचा ४.
3. तिसरा पोल: सामाईक पाय बायपास स्विचचा ९. एका बाजूला अ-आउट, दुसऱ्या बाजूला ब-आउट.

पहिल्या दोन पोलमधला उलटसुलटपणा नीट पाहा. अ ला सिग्नल मिळतो त्या बाजूला ब ला ग्राउंड मिळालं पाहिजे.

तीन पोल संपले, आता कोणतं फझ लागलंय हे दाखवायला एलईडीसाठी पोल उरला नाही. दोन वाटा आहेत: फोर-पीडीटी आणा, किंवा एलईडीवर पाणी सोडा. न वापरलेलं इन ग्राउंड करायचं सोडून तो पोल एलईडीला देणारे बरेच आहेत. मी देणार नाही. कोणतं फझ चालू आहे ते तार छेडताच कानाला कळतं. शिट्टी मात्र दिवा पाहून थांबत नाही.

निवड मंचावर बदलायची नसेल, घरीच एकदा लावून ठेवायची असेल, तर फुटस्विचऐवजी थ्री-पीडीटी मिनी टॉगल वापरा. जागा आणि पैसे दोन्ही वाचतात.

तीन किंवा चार फझ असतील तर रोटरी स्विचकडे वळावं लागतं. चार पोल-तीन स्थिती आणि तीन पोल-चार स्थिती असे रोटरी सहज मिळतात. त्याला पाय लावायचा नाही, हाताने फिरवायचा. चार फझ असतील तर न वापरलेली सगळी इन ग्राउंड करायला रोटरीत पोल पुरत नाहीत. तिथे प्रत्येक सर्किटच्या इनवर १ मेगओहमचा पुलडाउन लावून आणि इनच्या वायरी आखूड ठेवून भागवावं लागतं.

तिसरी रीत: क्रम उलटवणं

याला चार पोल लागतात असं अनेकांना वाटतं. तीन पुरतात. तुमची यादी लिहून पाहा.

पहिल्या स्थितीत: इन–अ-इन, अ-आउट–ब-इन, ब-आउट–आउट.
दुसऱ्या स्थितीत: इन–ब-इन, ब-आउट–अ-इन, अ-आउट–आउट.

म्हणजे इन, अ-आउट आणि ब-आउट ही तीन टोकं दोन्ही स्थितींत कुठेतरी सिग्नल देणारी आहेत. तीच सामाईक पायांवर बसवायची:

- पोल १: सामाईक इन. वर अ-इन, खाली ब-इन.
- पोल २: सामाईक अ-आउट. वर ब-इन, खाली आउट.
- पोल ३: सामाईक ब-आउट. वर आउट, खाली अ-इन.

अ-इन, ब-इन आणि आउट ही प्रत्येकी दोन पायांवर येतात. तिथे तीन जंपर. प्रत्येक फझला स्वतःचा बायपास स्विच हवाच, आणि वर जे ‘अ-इन’, ‘अ-आउट’ म्हटलंय ते त्या बायपास स्विचचे अनुक्रमे ७ आणि ६ समजा. डबीत एकूण तीन स्विच झाले. दोन पायाने, क्रमाचा टॉगल हाताने.

एकच सूचना: जंपर लावून झाल्यावर इतर कुठलीही वायर जोडण्याआधी दोन्ही स्थितींत सहाही टोकं बीपने तपासा. इथे एक जंपर चुकला तर एखाद्या फझचं आउट त्याच्याच इनला जोडलं जातं आणि त्याचा परिणाम घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो.

चौथी रीत: शेजारी शेजारी

आता निराशेची कारणं.

*पहिलं: गिटार थेट दोघांना जोडता येत नाही.* फझ फेससारखं सर्किट सिग्नल इतका ओढून घेतं की शेजारच्याला उपाशी राहावं लागतं. म्हणून आधी बफर हवा. पण बफर आला की फझ फेसचा मोकळा होण्याचा गुण गेला. बफर आणि त्याच्या इनमध्ये १० ते ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावून टोचणं कमी करता येतं. मूळ गुण पुरता परत येत नाही.

*दुसरं: दोन व्हॉल्यूम पॉटचे मधले पाय सरळ एकत्र जोडणं.* हे इतकं सर्रास होतं की अधोरेखित करतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला की मधला पाय ग्राउंडला टेकतो. दोन मधले पाय एकत्र असतील तर एकाचा आवाज बंद केल्यावर दोघांचाही बंद होतो. प्रत्येक मधल्या पायापासून ४७ किलोओहमचा रेझिस्टर काढून मग ते एकत्र जोडा. त्याने पातळी बरीच घटते, पण फझकडे पातळी उदंड असते. ती घट नको असेल तर टीएल०७२ या दुहेरी ऑप-अँपचा अर्धा भाग पुढचा बफर आणि अर्धा शेवटचा मिक्सर म्हणून वापरा. एकाच चिपमध्ये दोन्ही कामं होतात.

*तिसरं: फेज.* दोन्ही एकत्र केल्यावर आवाज मोठा होण्याऐवजी पोकळ, बेसहीन झाला, तर एक सर्किट सिग्नल उलटा करतंय आणि दुसरं करत नाहीये. इथे हिशेब सोपा आहे. सिग्नल बेसवर घेऊन कलेक्टरवरून बाहेर देणारा प्रत्येक ट्रान्झिस्टर सिग्नल एकदा उलटवतो. फझ फेसमध्ये असे दोन, बिग मफमध्ये चार. दोन्ही सम, म्हणून दोन्ही सुलट. एका ट्रान्झिस्टरचं बॅझ फस उलटं. तेव्हा बॅझ फस आणि फझ फेस मिसळायचे असतील तर एका वाटेत उलटवणारी आणखी एक पायरी घालावी लागेल. फझ आणि मूळ स्वच्छ आवाज मिसळतानाही हेच पाहा.

एवढं सगळं करून जे ऐकू येतं ते बहुतेकदा दोन फझपेक्षा एका मोठ्या, जरा अस्पष्ट फझसारखं असतं. कारण दोन्ही आवाज एकाच भागात गर्दी करतात. एकाचा बेस कापून दुसऱ्याचा ट्रेबल कापला तर मात्र मजा येते. बेस गिटारवाल्यांनी ही रीत जरूर करून पाहावी: एका वाटेत खालचा स्वच्छ आवाज, दुसरीत फझ.

दुसरं फझच नको असेल तर

कधी कधी दोन फझ हवीच नसतात. एकाच फझचे दोन स्वभाव हवे असतात. त्याला एक एसपीडीटी टॉगल पुरतो. फझ फेसच्या इनचा २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, यांत निवड ठेवली की जाड आणि पातळ असे दोन आवाज मिळतात. बिग मफमधल्या क्लिपिंग डायोडच्या जागी ऑन-ऑफ-ऑन टॉगलने सिलिकॉन डायोड, काहीच नाही, किंवा एलईडी अशी निवड देता येते.

कपॅसिटर बदलताना ‘टप्’ आवाज येईल, कारण सुटा राहिलेला कपॅसिटर जोडताक्षणी चार्ज होतो. उघड्या राहणाऱ्या संपर्कांवर १ मेगओहमचा रेझिस्टर आडवा लावला की कपॅसिटर आधीच चार्ज राहतो आणि टप् जातं.

स्विचने ट्रान्झिस्टरच बदलायचे, ही कल्पना सोडून द्या. प्रत्येकाचं बायस वेगळं आणि बेसच्या लांब वायरी म्हणजे शिट्टीला आमंत्रण.

वीज: इथे सर्किट जळू शकतं

जुन्या पद्धतीची जर्मेनियम फझ पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालतात आणि त्यांत बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलेलं असतं. बिग मफ आणि आजची बहुतेक सर्किटं ऋण टोक ग्राउंडला जोडतात. दोन्ही एका डबीत, एकाच ९ व्होल्टवर लावली की धन आणि ऋण सरळ एकमेकांना भिडतात. डबी धातूची असल्याने वेगवेगळे जॅक लावूनही सुटका नाही. पर्याय तीन:

- जर्मेनियम सर्किटला स्वतःची स्वतंत्र बॅटरी. सर्वात शांत उपाय. फझ फेस जेमतेम मिलिअँपिअरभर वीज घेतं, त्यामुळे बॅटरी बराच काळ टिकते. बॅटरी चालू-बंद करायला स्टिरिओ इन जॅकचा रिंगचा पाय लागतो. दुसऱ्या सर्किटलाही बॅटरी असेल तर तो एकच पाय दोघांना देऊ नका. त्यापेक्षा दुसरं ॲडॅप्टरवर चालवा.
- ऋण ९ व्होल्ट तयार करणारी चिप. आयसीएल७६६०एस, मॅक्स१०४४, टीसी१०४४एस यांत पाय १ हा पाय ८ ला जोडा, नाहीतर चिपची स्वतःची शिट्टी फझमधून मोठी होऊन ऐकू येते. एलटी१०५४ मध्ये मात्र पाय १ चं काम वेगळं आहे. तिथे तो जोडायचा नाही. नावात ‘एस’ नसलेली साधी ७६६० सुमारे १० व्होल्टच सोसते, स्वस्त ॲडॅप्टरवर ती जळते.
- एनपीएन ट्रान्झिस्टरचं सर्किट बनवणं. बीसी१०८ वगैरे सिलिकॉनवर फझ फेस उत्तम चालतं आणि हा प्रश्नच उरत नाही.

पेडलच्या ॲडॅप्टरचं आतलं टोक ऋण असतं. घरातल्या राउटरचा किंवा कॅमेऱ्याचा ॲडॅप्टर नेमका उलटा, आत धन, असतो आणि तोच प्लग व्यवस्थित बसतो. त्यामुळे वीज आत येते तिथे १एन५८१७ डायोड ओळीत लावाच. शिवाय दोन्ही सर्किटांना वीज देताना प्रत्येकाच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. एकाची गडबड दुसऱ्याच्या विजेत शिरत नाही.

जर्मेनियमबद्दल एक गोष्ट आपल्याकडे जास्त लागू पडते. तापमान साधारण १० अंशांनी चढलं की त्यातली गळती दुपटीच्या घरात जाते. डिसेंबरात जुळवलेलं बायस नागपुरात मे महिन्यात जागेवर राहत नाही. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारे साडेचार व्होल्ट मिळावेत म्हणून ८.२ किलोओहमच्या जागी ट्रिमपॉट लावा, आणि तो डबी उघडताच हाताशी येईल असा ठेवा.

सोल्डरिंग आणि जागा

स्वस्त थ्री-पीडीटीचं प्लास्टिक उष्णतेने मऊ होतं आणि आतला पाय तिरका बसतो. मग स्विच कधी चालतो, कधी नाही. वायरला आधी सोल्डर चढवून घ्या, पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका, आणि एक पाय झाला की शेजारचा न घेता लांबचा घ्या. रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात ती आम्लाची पेस्ट स्विचवर नको. सोल्डरच्या आत असलेला रोझिन पुरतो.

दोन फुटस्विचच्या केंद्रांत निदान सहा सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर बुटाखाली दोन्ही दाबले जातात. १५९०बीबी आकाराची डबी, साधारण १२ बाय साडेनऊ सेंटिमीटर, दोन स्विचना पुरते. फुटस्विचला १२ मिलिमीटरचं भोक लागतं.

चालू केल्यावर काही बिनसलं तर

- बायपासमध्येही आवाज नाही: ३ ते ७ चा जंपर पाहा, मग स्विच चतकोर फिरलेला आहे का ते.
- फझ लावताना मोठं ‘टप्’: सर्किटच्या इनच्या कपॅसिटरबाहेर १ मेगओहमचा पुलडाउन लावा. आउटला व्हॉल्यूम पॉट असेल तर तिथे वेगळा लागत नाही. तरी उरलं, तर एलईडीचा रेझिस्टर वाढवून पाहा.
- एकेकटं ठीक, दोन्ही लावली की शिट्टी: पहिल्याच्या इनची वायर दुसऱ्याच्या आउटशेजारून जात नाही ना ते पाहा. वाट लांब असेल तर शिल्डेड वायर वापरा आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा.
- सतत गुणगुण: बॅटरीवर चालवून पाहा. थांबली तर दोष ॲडॅप्टरचा. थांबली नाही तर डबी ग्राउंडला जोडलेली आहे का ते बघा. रंग दिलेल्या डबीत जॅकच्या नटखाली रंग खरवडावा लागतो.

खरेदी आणि तुमचा हक्क

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे पॉट, टॉगल, रोटरी, रेझिस्टर सगळं मिळतं. जुन्या रेडिओंत बीईएलचे एसी१२८ सापडतात आणि ते फझला उत्तम असतात. मात्र मल्टिमीटरवरचा त्यांचा गेन खरा मानू नका, कारण गळतीमुळे आकडा फुगतो.

स्विच घेतल्यावर बिल मागा आणि सोल्डर लावण्याआधी नऊही पाय तपासा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अर्थात सोल्डरने वितळलेला स्विच सदोष होता हे कुणालाच पटवता येत नाही, म्हणून तपासणी आधी.

बनवलेली पेडल पुढे विकायची असतील तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. साठच्या दशकातल्या सर्किटांवर पेटंट होतं असं धरलं तरी ते कधीच संपलेलं आहे. ती बनवायला आणि विकायला अडचण नाही. नावं आणि चिन्हं मात्र आजही कंपन्यांची आहेत. डबीवर ‘बिग मफ’ लिहून विकू नका, स्वतःचं नाव द्या. आणि पीसीबीचा आराखडा दुसऱ्या कुणी काढलेला असेल, तर त्याने ‘फक्त स्वतःसाठी’ अशी अट घातली आहे का ते पाहून, विक्रीसाठी त्याची परवानगी लेखी घ्या.